अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी, तरी सरकारी परीक्षेत लेखनिक मिळाला: माझा अनुभव

माझ्या भावाचा उजवा हात लिहिताना थरथरतो, पण प्रमाणपत्रावर अपंगत्व ४० टक्क्यांच्या आत आहे. २०२३ मध्ये सरकारी भरतीच्या अर्जात लेखनिक (उमेदवार सांगेल ते उत्तर लिहून देणारा मदतनीस) मागितला की ‘अपात्र’ उत्तर यायचं. हेल्पलाइन, ईमेल, यूडीआयडी कार्डाची (अपंगांच्या केंद्रीय ओळखपत्राची) प्रत, कशाचाच उपयोग झाला नाही. फार चीड आली.

अडलं होतं ते कागदावर. ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. लेखनिकासाठी ती लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार या लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराच्या प्रकरणात स्पष्ट केलं. त्यावरून केंद्राने १० ऑगस्ट २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या.

आम्ही आधी त्या सूचनांतला परिशिष्ट १ चा, म्हणजे लिहिण्यात अडचण असल्याच्या प्रमाणपत्राचा, नमुना छापला. तो जिल्हा रुग्णालयात नेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मंडळाकडून भरून घेतला. टक्केवारी इथे गौण. ‘लिहिण्यास अडचण आहे’ हा उल्लेख आणि सह्या-शिक्के नीट तपासा. मग परिशिष्ट २ मध्ये लेखनिकाबद्दलचं भावाचं हमीपत्र भरलं. दोन्ही कागद, सूचनांची प्रत जोडून, लेखी अर्जासह परीक्षेआधीच दिले आणि पोच घेतली.

लेखनिक मिळाला, शिवाय तासाला २० मिनिटं जादा वेळही. सूचना बदलत असतात, त्यामुळे नमुना चालू जाहिरातीतूनच घ्या.