पहाटे साडेपाचला संपणारी मुदत

कामं वाटून मुदत मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शनिवारी दुपारी दिलेलं काम सोमवारी सकाळी उघडावं तर लाल, म्हणजे मुदत संपलेली! मुदत दोन दिवसांची, पण टायमरनं रविवारही धरला. परभणीच्या आमच्या ऑफिसात हे दर आठवड्याला व्हायचं. त्यासाठी सेटिंगमध्ये हे चार बदल करा.

1. टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ निवडा. मुदत पहाटे 5:30 ला संपत असेल तर घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, आहे समजा. तिथली मध्यरात्र म्हणजे आपली पहाट.

2. कामाचे तास आणि साप्ताहिक सुटी भरा. बऱ्याचदा शनिवार-रविवार दोन्हींवर सुटीची टिक आधीच असते. आपला शनिवार कुठला सुटतोय! शनिवारची टिक काढा.

3. सुट्या हातानं टाका. ‘भारत’ची तयार यादी घेतली तरी 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आणि पोळा त्यात आहेत का बघा. पोळ्याची तारीख दरवर्षी बदलते.

4. मग मुदतीचा आकडा बदला, इथंच माझी फजिती झाली. आता टायमर फक्त कामाचे तास मोजतो, त्यामुळे दिवसाचे 8 तास धरले की ‘48 तास’ म्हणजे चक्क सहा दिवस. दोन दिवसांसाठी 16 लिहा.

आधीच सुरू असलेल्या कामांचे टायमर काही सॉफ्टवेअरमध्ये जुन्याच हिशेबानं चालतात, ती एकेक उघडून तपासा.