प्लस-मायनस १५ करायचंय? आधी कमीत कमी करंट विचारा

भोसरीत पहिली नोकरी लागली तेव्हा एकट्याने करायला मिळालेलं पहिलं काम हेच, सेन्सर बोर्डसाठी २४ व्होल्टवरून प्लस १५ आणि मायनस १५ व्होल्ट काढायचे. कॉलेजात फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून पुढे देणारा कन्व्हर्टर) घोटून झाला होता, त्यामुळे डोक्यात दुसरं काही आलंच नाही: सारख्या वेढ्यांच्या दोन सेकंडरी (आउटपुटकडची वाइंडिंग), एक सरळ एक उलटी, संपला विषय. तापकीर गल्लीतून कोर-बॉबिन आणलं, रात्री जागून वाइंडिंग केलं, फीडबॅक प्लसवरून घेतला. प्लस अगदी १५. मायनसला मीटर लावला तर २२!

झालं काय, तर प्लसवर लोड १५० मिलीअँप आणि मायनसवर जेमतेम ५. कंट्रोलर बघतो फक्त प्लसकडे, आणि लीकेज इंडक्टन्समुळे (वाइंडिंग एकमेकींशी पूर्ण न जुळल्याने उरणारा इंडक्टन्स) दर सायकलला जो स्पाइक येतो त्यावर मायनसचा कपॅसिटर भरत राहतो, तो रिकामा करायला तिथे कोणी नाहीच. बोर्डवरच्या टीएल०७२ या ऑप-अँप चिपला दोन्ही रेल (प्लस आणि मायनस सप्लाय) मिळून जास्तीत जास्त ३६ व्होल्ट चालतात, मी दिले ३७. दोन चिप गेल्या.

सरांनी एवढंच विचारलं, "मायनसवर कमीत कमी किती करंट आहे?" माझ्या वहीत फक्त जास्तीत जास्तचा आकडा होता. खरं तर टोपॉलॉजी (कोणत्या प्रकारचं सर्किट घ्यायचं ते) तिथेच ठरते.

दोन्हीकडे लोड साधारण सारखा आणि कधी शून्यावर जात नसेल तर एका स्विचवर सेपिक (प्लस देणारा) आणि चुक (Ćuk, मायनस देणारा) हे दोन कन्व्हर्टर जोडून मस्त काम होतं, दोघांचं आउटपुट-इनपुट गुणोत्तर डी भागिले (एक वजा डी) असंच असल्यामुळे (डी म्हणजे ड्यूटी, सायकलचा जितका भाग स्विच चालू असतो तो) प्लस-मायनस आपोआप सारखे येतात. पण एक बाजू रिकामी पडली की तीही सरकते. आयसोलेशन (इनपुट-आउटपुटमध्ये थेट विद्युत जोडणी नसणं) हवंच असेल तर फ्लायबॅक हा सोपा पर्याय, मग दोन्ही सेकंडरी बायफायलर (दोन्ही तारा एकत्र धरून) गुंडाळा, थोडा डमी लोड द्या (१५ व्होल्टवर १ के चा रेझिस्टर म्हणजे १५ मिलीअँप), आणि पुढे ७८१५-७९१५ हे प्लस आणि मायनस १५ चे लिनियर रेग्युलेटर लावा. ७९१५ ची टॅब ग्राउंड नसते, इनपुट असते, तेव्हा दोघांना एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय आवळू नका. अगदीच पाचदहा मिलीअँप हवे असतील तर चार्ज पंप (इंडक्टरऐवजी कपॅसिटरवर चालणारा कन्व्हर्टर), पण त्यातली जुनी ७६६० चिप जेमतेम १० व्होल्टची आहे, १५ ला विसरा.

मला आयसोलेशन लागतच नव्हतं, उगाच ट्रान्सफॉर्मर गुंडाळत बसलो. शेवटी प्लसला साधा बक (व्होल्टेज उतरवणारा) आणि मायनसला वेगळा इन्व्हर्टिंग बक-बूस्ट (प्लसवरून मायनस देणारा) केला, दोघांचा फीडबॅक स्वतंत्र. दोन इंडक्टर लागतात, बोर्ड थोडा मोठा होतो, पण एकाचं भांडण दुसऱ्यावर येत नाही. यात नवीन लोक एका ठिकाणी हमखास अडकतात: मायनसच्या रेग्युलेटर चिपवर नुसते २४ नाही, २४ अधिक १५ म्हणजे ३९ व्होल्ट पडतात. एलएम२५९६ ची मर्यादा ४०, आणि आमचा अडॅप्टर बिनलोडचा २६ द्यायचा, म्हणजे झाले ४१. म्हणून ६० व्होल्टवाला एलएम२५७६एचव्ही घेतला. ड्यूटी येते ३८ टक्क्यांच्या आसपास, इंडक्टरचा सरासरी करंट आउटपुटच्या १.६ पट, तेव्हा इंडक्टर आउटपुट करंट बघून निवडू नका.

आणि हो, या जोडणीत चिपची ग्राउंड पिन मायनस १५ वर बसते. ऑन-ऑफ पिन मी सवयीने बोर्डच्या ग्राउंडला जोडली होती, म्हणजे आउटपुट मायनसला गेलं की चिपच्या हिशोबाने ती हाय, आणि या चिपमध्ये हाय म्हणजे बंद. सप्लाय चालू व्हायचा आणि लगेच बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. अर्धा दिवस गेला त्यात.