अटलांटाच्या टपालावर विसंबण्याआधी: ३ नोव्हेंबरची तयारी

पहिलं काम कॅलेंडरचं. ३ नोव्हेंबर २०२६ ही अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकीच्या मतदानाची तारीख खरी, पण घरबसल्या टपालानं मत देणाऱ्यासाठी ती मत पोचण्याची तारीख आहे, टाकण्याची नव्हे. आपल्या जॉर्जिया राज्यात भरलेली मतपत्रिका त्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयात असावी लागते. पाकिटावर आठवडाभर आधीचा शिक्का असला आणि ते बुधवारी आलं, तर ते बाजूला पडतं. सवलत आहे ती फक्त सैन्यातल्या आणि परदेशातल्या मतदारांना. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं, मोजणी २३ ला, आणि टपाली मतं मोजणीच्या सकाळी आठपर्यंत चालत होती. मधले ते दोन दिवस इथे मिळत नाहीत.

तेव्हा ३ नोव्हेंबरपासून मागे मोजत या. टपाल खातं स्वतःच सांगतं की मतपत्रिका मुदतीच्या किमान एक आठवडा आधी टाका. म्हणजे २७ ऑक्टोबर, आणि माझं ऐकाल तर २० ऑक्टोबर. कोरी मतपत्रिका तुमच्याकडे यायलाही आठवडा धरा. आता कायदा काय म्हणतो ते बघा: मतपत्रिकेचा अर्ज कार्यालयात पोचण्याची शेवटची तारीख मतदानाच्या ११ दिवस आधी, म्हणजे २३ ऑक्टोबर. जायला सात, यायला सात आणि हातात अकरा! कागदावरची मुदत पाळूनही मत बाद होऊ शकतं, असं हे गणित आहे. अर्ज १७ ऑगस्टपासून घेतात, तो सप्टेंबर संपायच्या आत गेलेलाच बरा. लवकर अर्ज केलेल्यांच्या मतपत्रिका ५ ते ९ ऑक्टोबरच्या दरम्यान रवाना होतात. १२ ऑक्टोबरला टपालाला सुट्टी आहे, तीही मोजणीत घ्या.

हे सगळं भीतीपोटी लिहिलेलं वाटत असेल तर पामेटोची आठवण करून देतो. अटलांटाच्या दक्षिणेला असलेल्या या गावी टपाल खात्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये मोठं छाननी केंद्र सुरू केलं आणि मार्चमध्ये या भागातलं वेळेवर पोचणारं टपाल सुमारे ३६ टक्क्यांवर आलं. औषधं, बिलं, कोर्टाच्या नोटिसा, सगळंच अडकलं. एप्रिलमध्ये सेनेटर जॉन ऑसॉफ यांनी सुनावणीत पोस्टमास्टर जनरल लुई डिजॉय यांना यावरून धारेवर धरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॉब काउंटीत उशीर झाला, तो टपालाआधीच: वेळेत अर्ज केलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या मतपत्रिका अखेरच्या आठवड्यापर्यंत कार्यालयातून निघाल्याच नव्हत्या. एसीएलयू आणि सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्था कोर्टात गेल्या, खालच्या कोर्टानं त्या मतदारांना ८ नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती काढून घेतली. तेव्हा कोर्ट ऐनवेळी मुदत वाढवून देईल, हे गृहीत धरू नका.

अर्ज भरताना ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा, कारण त्याचा नंबर आणि जन्मतारीख दोन्ही लागतात. आपल्या लोकांचं घोडं इथे हमखास अडतं. लायसन्सवर वडिलांचं नाव मधे, मतदार यादीत नुसतं आद्याक्षर, लग्नानंतरचं आडनाव एकीकडे बदललेलं आणि दुसरीकडे जुनंच. राज्याच्या 'माय व्होटर पेज' या संकेतस्थळावर नाव जसं दिसतं तसंच लिहा आणि दुरुस्ती हवी असेल तर ती ऑगस्टमध्येच उरका. पत्ताही तिथेच तपासा. घर बदललं असेल तर मतपत्रिका इतर पत्रांसारखी नव्या पत्त्यावर वळवली जाईल या भरवशावर राहू नका. नवी नोंदणी ५ ऑक्टोबरपर्यंत. ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र नोंदणीच्या फॉर्मवर चुकूनही सही करायची नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

घरात नागरिकत्व घेतलेले आई-बाबा असतील तर त्यांचा बेत आधी विचारा. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे पुण्याचं तिकीट ऑक्टोबरमधलं असणार. मतपत्रिका रवाना होतात त्याच आठवड्यात विमान असेल तर परदेशातले मतदार म्हणून वेगळा अर्ज वेळेत करा. त्यांना ४५ दिवस आधी मतपत्रिका पाठवतात. ६५ च्या पुढच्यांना एकाच अर्जावर त्या वर्षीच्या सगळ्या फेऱ्यांच्या मतपत्रिका मिळू शकतात, पण त्यासाठी अर्जावर तशी खूण करावी लागते.

आता संस्थांसाठी, कारण तुमच्यातले काही जण कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एनएएसीपीच्या स्थानिक शाखेबरोबर किंवा आशियाई अमेरिकनांसाठी काम करणाऱ्या ॲडव्हान्सिंग जस्टिस–अटलांटासारख्या गटाबरोबर फोन आणि पत्रं करणार आहेत. एनएएसीपीनं ऑगस्ट २०२० मध्ये टपाल खात्यावर दावा लावला होता. टपालगाड्यांच्या जादा फेऱ्या बंद झाल्या होत्या, छाननीची यंत्रं काढली जात होती, आणि त्याच वर्षी जॉर्जियात सुमारे १३ लाख लोकांनी टपालानं मत दिलं. मतदानाच्या दिवशी न्यायाधीश एमेट सलिव्हन यांनी केंद्रांमध्ये मतपत्रिका राहिल्यात का ते झडती घेऊन बघा असा हुकूम दिला. टपाल खात्याला दिलेली वेळ पाळता आली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तडजोड झाली, आणि २०२८ पर्यंतच्या निवडणुकांत निवडणूक टपालाला प्राधान्य द्यायचं खात्यानं मान्य केलं. पण ते प्राधान्य मतपत्रिकेला आणि सरकारी निवडणूक टपालाला. तुम्ही दोनशे घरांना पाठवलेलं 'मत द्या' पोस्टकार्ड त्यात बसत नाही. ते ना-नफा दराच्या मार्केटिंग टपालातून जातं, सर्वांच्या मागे राहतं, आणि घर बदललेल्या माणसापाठोपाठ तर जातच नाही. भाड्याच्या घरांत राहणारे, वारंवार जागा बदलणारे मतदार, ज्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच नेमके सुटतात.

म्हणून पत्रं छापणार असाल तर ती ऑगस्टच्या अखेरीस टाका आणि ऑक्टोबरमध्ये फक्त फोन, मेसेज आणि दारावरची भेट ठेवा. पत्रात 'लवकर पाठवा' एवढं मोघम नको, तारीख लिहा. अर्जाचे कोरे फॉर्म घरोघर पाठवायचे असतील तर आधी वकिलाला विचारा. राज्याच्या २०२१ च्या एसबी २०२ या निवडणूक कायद्यानं त्यावर अटी घातल्या आणि त्यातल्या काही कोर्टात गेल्या. आणि स्वयंसेवकांना एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगा: दुसऱ्याच्या भरलेल्या मतपत्रिकेला हात लावायचा नाही. ती घरच्या माणसानं किंवा काळजीवाहकानंच नेऊन द्यायची. नव्वदीच्या आजीबाई दारात उभं राहून 'एवढं टाकून दे रे' म्हणतात तेव्हा नाही म्हणणं जड जातं, पण म्हणावंच लागतं.

मतपत्रिका आली की त्याच दिवशी भरा. बाहेरच्या पाकिटावर सही, लायसन्स नंबर, जन्मतारीख. ती कुठवर पोचली हे ऑनलाइन कळतं. घरी येणाऱ्या पत्रांचे फोटो रोज सकाळी ईमेलवर पाठवणारी टपाल खात्याची इन्फॉर्म्ड डिलिव्हरी सेवाही फुकट आहे. २४ ऑक्टोबर उजाडला आणि मतपत्रिका हातात नसेल तर वाट बघत बसू नका. आगाऊ मतदान १२ ऑक्टोबरच्या आठवड्यात सुरू होऊन शुक्रवारी ३० तारखेला संपतं. तिथे जा, टपाली अर्ज रद्द करा आणि मत देऊन या. ड्रॉप बॉक्सही, म्हणजे भरलेली मतपत्रिका टाकायच्या पेट्या, त्याच केंद्रांच्या आत, त्याच वेळांत उघडे असतात. मतदानाच्या आदल्या सोमवारी ऑफिसला जाताजाता टाकू म्हणाल तर दार बंद असेल.

मतदानानंतरही फोन हाताशी ठेवा. पाकिटावरच्या माहितीत चूक निघाली तर कार्यालयातून फोन येऊ शकतो, ती दुरुस्त करायला शुक्रवार ६ नोव्हेंबरपर्यंत वेळ असतो, आणि अनोळखी नंबर म्हणून आपण नेमका तोच फोन उचलत नाही. रनऑफ, म्हणजे मतदानाची दुसरी फेरी, लागलाच तर तो २८ दिवसांत, १ डिसेंबरला, मध्ये ११ नोव्हेंबरची आणि थँक्सगिव्हिंगची टपाल सुट्टी. ६५ च्या खालच्या बहुतेकांना त्यासाठी नवा अर्ज लागतो. पण ज्याला चालता-फिरता येतं त्यानं त्या फेरीत टपालाच्या नादी न लागता सरळ आगाऊ मतदानाच्या रांगेत उभं राहावं.