कांद्याचं अनुदान कुठल्या बॉक्समध्ये? या चुका टाळा

लासलगावला भाव कोसळतो, अनुदान जाहीर होतं आणि आठवड्याभरात कुणीतरी लिहितं: ‘ही मदत जागतिक व्यापार संघटनेच्या ग्रीन बॉक्समध्ये बसते, त्यामुळे चिंता नाही.’ स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये हे आहे, शेतकरी कंपन्यांच्या निवेदनांत आहे, वर्तमानपत्रांतही आहे. ते चूक आहे. हे बॉक्स म्हणजे संघटनेने शेतीच्या सरकारी मदतीचे केलेले गट: ग्रीन म्हणजे व्यापारावर जवळपास परिणाम न करणारी, मर्यादा नसलेली मदत; अंबर म्हणजे उत्पादनाशी किंवा भावाशी जोडलेली, मर्यादेत ठेवावी लागणारी; ब्लू म्हणजे उत्पादन मर्यादित करणाऱ्या कार्यक्रमांतली.

२०२३ चं राज्य सरकारचं कांदा अनुदान घ्या. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे जास्तीत जास्त ७०,००० रुपये. ही रक्कम कशावर ठरली? त्या हंगामात किती कांदा बाजारात आणला यावर, आणि तीही एकाच पिकासाठी. ग्रीन बॉक्सच्या अटी संघटनेच्या शेती कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. उत्पादनाशी न जोडलेल्या उत्पन्न मदतीचा तिथला परिच्छेद ६ सांगतो, की आधारवर्षानंतर (हिशेबासाठी ठरवलेल्या जुन्या काळानंतर) काय पिकवलं, किती पिकवलं आणि भाव काय होता, यांपैकी कशाशीही रक्कम जोडलेली नसावी. कांदा अनुदान पहिल्याच अटीला अडतं. ते अंबर बॉक्समध्ये जातं, कांद्याच्या खात्यावर.

‘पण शेतकरी संकटात होता’ हे उत्तर नेहमी येतं. संकट खरं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण भाव पडणं ही करारातली नैसर्गिक आपत्ती नाही. निफाडमध्ये गारपीट झाली, सरकारने ती आपत्ती मानली, पंचनामे झाले आणि ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालेल्यांना भरपाई मिळाली, तर ती परिच्छेद ८ मध्ये बसू शकते, कारण तिथली अट ३० टक्क्यांहून जास्त उत्पादन घटण्याची आहे. गाव तेच, शेतकरी तोच, कांदाही तोच, पण दोन मदती दोन वेगळ्या बॉक्समध्ये. म्हणून योजनेचं नाव किंवा मंत्र्यांचं भाषण बाजूला ठेवून मी आधी जीआर उघडतो आणि तीन ओळी शोधतो: दर कशावर आहे, पात्रता कोणत्या पिकाला आहे, कालावधी कोणता आहे. ‘प्रति क्विंटल’ दिसलं की ग्रीन बॉक्स बहुतेक वेळा तिथेच संपतो. हे पाच मिनिटांचं काम टाळून बॉक्सचा रंग ठरवणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. नवीन मुलं तर रंगांचा तक्ता पाठ करतात आणि कराराचा मजकूर एकदाही वाचत नाहीत.

याच अनुदानावरून दुसरी एक चूक होते. २०० क्विंटलची मर्यादा आहे, म्हणजे ब्लू बॉक्स. नाही. ब्लू बॉक्सला उत्पादनच मर्यादित करणारा कार्यक्रम लागतो आणि मदतही ठरलेल्या क्षेत्रावर व उताऱ्यावर, मूळ उत्पादनाच्या ८५ टक्क्यांपर्यंतच्या भागावर किंवा ठरलेल्या जनावरांच्या संख्येवर द्यावी लागते. इथे कुणी कांदा कमी लावा म्हटलेलं नाही. मर्यादा खर्चावर आहे, पिकावर नाही.

अंबर म्हणजे बेकायदा, असंही समजू नका. विकसनशील देशाला एका पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत सूट आहे, विकसित देशांना ५ टक्के. चीनने संघटनेत प्रवेश करताना ८.५ टक्के मान्य केले. भाजक नीट घ्या: त्या वर्षातल्या संपूर्ण देशाच्या कांद्याचं मूल्य, नाशिक जिल्ह्याचं नाही. अंशात मात्र केंद्र आणि सगळ्या राज्यांची कांद्यापुरती मदत एकत्र येते. भारताकडे या सुटीपलीकडे वापरता येईल असा अंबरचा वेगळा कोटा नाही, म्हणून १० टक्क्यांची रेषा ओलांडली की थेट उल्लंघन.

आता सगळ्यांत महागडी चूक: सरकारने तिजोरीतून पैसा दिला नाही, म्हणजे सबसिडी नाही.

उसाच्या वादात हाच युक्तिवाद झाला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध तक्रार नेली. भारताचं म्हणणं होतं, की एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) साखर कारखाने देतात, सरकार ऊस विकत घेत नाही, मग आधार कसला? दिंडोरीच्या ऊस उत्पादकालाही हे पटेल, कारण त्याच्या खात्यात पैसा कारखान्याकडूनच येतो. १४ डिसेंबर २०२१ च्या अहवालात संघटनेच्या तंटा पॅनेलने ते मानलं नाही. बाजारभाव आधार (ठरवून दिलेल्या दरातून मिळणारी मदत) मोजायला सरकारी खरेदी किंवा सरकारी खर्च लागतोच असं नाही, सरकारने दर ठरवून देणं पुरेसं आहे. एफआरपी आणि काही राज्यांचे स्वतंत्र ऊसदर धरून २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारत १० टक्क्यांच्या वर गेला, असा निष्कर्ष निघाला. भारताने त्यावर अपील केलं. अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प असल्याने ते तसंच पडून आहे.

कारण सूत्रातच आहे. परिशिष्ट ३ प्रमाणे सरकारने ठरवलेला दर वजा १९८६-८८ चा स्थिर संदर्भ दर, गुणिले पात्र उत्पादन (त्या दराचा लाभ मिळू शकणारं उत्पादन). खरेदीचा किंवा साठवणुकीचा खर्च यात येतच नाही. भारत तांदळासाठी टनाला २६२.५१ डॉलर हा संदर्भ दर वापरतो. समजा हमीभाव ३०० डॉलर आणि पात्र उत्पादन १० लाख टन. फरक ३७.४९ डॉलर, म्हणजे आधार सुमारे ३.७५ कोटी डॉलर. त्या वर्षी बाजारभाव काय होता, हे सूत्र विचारत नाही. जुन्या संदर्भ दराचा हा अन्याय विकसनशील देश वर्षानुवर्षं मांडत आहेत आणि ते बरोबर आहे, पण हिशेब करताना सूत्र बदलून चालत नाही.

चलन आणि ‘पात्र उत्पादन’ आधी ठरवा. २०१८ मध्ये अमेरिकेने भारताच्या तांदळाचा हिशेब रुपयांत आणि एकूण उत्पादनावर मांडला. २०१०-११ ते २०१३-१४ या वर्षांत आधार ७४ ते ८४ टक्के निघाला. भारत डॉलर आणि प्रत्यक्ष खरेदी धरतो, त्यामुळे त्याचा आकडा याच्या आसपासही जात नाही. कुणी टक्केवारी फेकली की ती कोणत्या दोन गृहीतकांवर आहे ते विचारा.

बाकीच्या चुका थोडक्यात. ठिबकचं अनुदान, खताची सबसिडी आणि शेतीपंपाची स्वस्त वीज ग्रीन बॉक्समध्ये टाकू नका. विकसनशील देशांसाठीचं कलम ६.२ त्यासाठीच आहे: गुंतवणूक अनुदान सर्वसाधारणपणे शेतीला उपलब्ध असावं, निविष्ठा अनुदान (खत, वीज यांवरचं) मात्र कमी उत्पन्नाच्या किंवा साधनं तुटपुंजी असलेल्या शेतकऱ्याला. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधनाचा खर्च मात्र सरळ ग्रीन बॉक्स. पीक विमा म्हणजे आपोआप ग्रीन, हेही घाईचं. जोखीमस्तर (विम्याने हमी दिलेला उत्पादनाचा भाग) ९० टक्के असेल तर १० टक्के घटीलाच भरपाई सुरू होते आणि परिच्छेद ८ ची ३० टक्क्यांची अट पाळली जात नाही.

बालीच्या २०१३ च्या परिषदेतलं शांतता कलम मर्यादा ओलांडली तरी तक्रारीपासून संरक्षण देतं; त्याचा आधार कांद्याला किंवा उसाला देऊ नका. ते पारंपरिक मुख्य अन्नधान्याच्या सार्वजनिक साठ्यापुरतं आहे, तेही तेव्हा चालू असलेल्या कार्यक्रमांसाठी. भारताने ते २०१८-१९ च्या तांदळासाठी वापरलं: ४३.६७ अब्ज डॉलरच्या उत्पादनावर ५ अब्ज डॉलरचा आधार.

आणि डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी या तक्त्यात शोधू नका. ती सबसिडी नाहीच. निर्यातबंदीची तरतूद गॅट या व्यापार कराराच्या कलम ११ आणि शेती कराराच्या कलम १२ मध्ये आहे, तिचा हिशेब तिथे करा.