टॉरेंट सुरू करताय? आधी अपलोडची सेटिंग लावा

टॉरेंटची फाइल कुठल्या एका सर्व्हरवरून येत नाही. तिचे तुकडे पाडलेले असतात आणि ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो इतरांना देत राहतो. पूर्ण फाइल असलेला तो सीडर, बाकीचे पीअर. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरेंट ही वाटपाची पद्धत आणली तेव्हापासून व्यवहार हाच आहे: जो देतो, त्याला इतर पीअर आधी देतात. त्यामुळे अपलोडची सेटिंग चुकली की डाउनलोडही रखडतं.

प्रोग्राम म्हणून क्यूबिटटोरेंट घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. मात्र त्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा. पहिल्या प्रयोगाला डेबियन किंवा उबंटू या लिनक्स प्रणालींची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, उत्तम. तिचा टॉरेंट (डाउनलोड सुरू करणारी छोटी फाइल) त्यांच्याच साइटवर मिळतो आणि सीडर भरपूर असतात, म्हणजे तोही रेंगाळला तर दोष तुमच्या जोडणीत किंवा सेटिंगमध्ये आहे हे लगेच कळतं.

आता मुख्य काम. स्पीड टेस्ट करून अपलोडचा आकडा बघा. समजा तो १० मेगाबिट आला. आठाने भागलं की सेकंदाला साधारण १,२५० किलोबाइट होतात. त्याच्या ८० टक्के, म्हणजे १,००० किलोबाइट, ही मर्यादा ऑप्शन्समधल्या स्पीडच्या पानावर अपलोडपुढे भरा. मर्यादा न घालता सोडलं तर अपलोडची वाट तुंबते, डाउनलोडच्या पोचपावत्या त्याच वाटेने जात असल्याने त्या अडकतात आणि घरातल्या सगळ्यांचं नेट मंदावतं. तिथे ० लिहिलं की अपलोड बंद होतं असं पुष्कळांना वाटतं. क्यूबिटटोरेंटमध्ये ० म्हणजे अमर्याद! आणि कंजूषपणे ५-१० किलोबाइट ठेवलेत, तर पीअरही तुमच्या बाबतीत हात आखडता घेतात.

मग पोर्ट, म्हणजे इतर पीअर ज्यातून तुमच्यापर्यंत पोचतात तो क्रमांकाचा दरवाजा. कनेक्शनच्या पानावर यूपीएनपी (राउटरमध्ये पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू ठेवा, राउटरमध्येही ते चालू आहे ना बघा. खालच्या पट्टीतल्या जोडणीच्या खुणेवर माउस नेल्यावर थेट जोडणी नसल्याचं (‘नो डायरेक्ट कनेक्शन्स’) दिसलं, तर राउटरमध्ये त्याच क्रमांकाचा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारच्या वाहतुकीसाठी फॉरवर्ड करा, म्हणजे तुमच्या संगणकाकडे वळवा. राउटरचा बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यापैकी कशाने सुरू होत असेल, तर एकच बाहेरचा पत्ता इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी पोर्ट उघडणार नाही. डाउनलोड तरीही होतं, फक्त जोडले जाणारे पीअर कमी.

मॅग्नेट लिंक (टॉरेंट फाइलऐवजी वापरायची लिंक) ‘मेटाडेटा’वरच, म्हणजे फाइलचा तपशील मिळवण्यावरच अडकली, तर फाइलची यादी देणारा पीअरच अजून सापडलेला नाही, डीएचटी (मधल्या सर्व्हरशिवाय पीअर शोधणारी सोय) चालू आहे का तपासा. ९९ टक्क्यांवर थांबलं, तर बहुतेक वेळा उरलेला तुकडा जोडलेल्यांपैकी कुणाकडेच नसतो. ‘अव्हेलेबिलिटी’, म्हणजे जोडलेल्यांकडे मिळून फाइलच्या किती पूर्ण प्रती आहेत तो आकडा, १ च्या खाली दिसेल. सीडर येईपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही. वीज जाऊन फाइल बिघडल्याची शंका असेल तर ‘फोर्स रीचेक’ करा. प्रत्येक तुकडा हॅशशी (त्याच्या ओळखीच्या सांकेतिक आकड्याशी) ताडून खराब तेवढेच पुन्हा उतरवले जातात. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल पेनड्राइव्हवर घेताना एरर आली, तर तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार.

तुमचा आयपी पत्ता त्या टॉरेंटवरच्या प्रत्येकाला दिसतो, हे विसरू नका. वाटायला परवानगी आहे तेच उतरवा, कारण उतरवतानाच तुम्ही ते वाटतही असता.

डाउनलोड संपल्यावर लगेच टॉरेंट काढू नका. रेशो निदान १ होऊ द्या, म्हणजे जितकं घेतलं तितकं दिलं. दरम्यान फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवायची झाली तर प्रोग्राममधल्या ‘सेट लोकेशन’नेच हलवा. बाहेरून उचलून ठेवलीत की त्याला ती सापडत नाही आणि सीडिंग तिथेच थांबतं.