बुजऱ्या कुत्र्याला फिरवताना या चुका टाळा

कुत्रा ज्याला घाबरतो त्याच्यासमोरच त्याला नेऊन उभं केलं की भीती मोडते, असं पुण्यात कुत्री पाळणारे कितीतरी लोक छातीठोकपणे सांगतात. सगळ्यात जास्त संताप मला याच चुकीचा येतो. भीती अशी मोडत नाही, ती मुरते.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एका घरानं रस्त्यावरची एक देशी कुत्री सांभाळायला घेतली. साधी स्कूटर सुरू झाली तरी जिन्याखाली शिरायची. गणपती जवळ आले, नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, आणि त्या घरातला मुलगा तिला थेट तिकडे घेऊन निघाला. "अर्धा तास थांबतो काका, आपोआप सरावेल." नको म्हणून सांगितलं, ऐकलं नाही. पहिल्याच टोलाला ती मागे सरकली, मान आखडली आणि रिकामा गळपट्टा त्याच्या हातात राहिला. आम्ही सगळे शोधत होतो. रात्री उशिरा एका उभ्या टेम्पोखाली सापडली. त्यानंतर फिरायला न्यायचा पट्टा हातात घेतला की ती पलंगाखाली जायची. ढोलाची भीती होतीच, आता त्या मुलाच्या हाताचीही बसली.

मग सगळं फाटकापासून सुरू केलं. पहाटे, रहदारी नसताना, त्यानं तिला घेऊन नुसतं पायरीवर बसायचं. लांबून स्कूटरचा आवाज आला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा, आवाज गेला की खाऊ बंद. आधी आवाज, मग खाऊ. हा क्रम उलटा झाला तर कुत्रा खाऊ पाहूनच बिचकायला लागतो. तोंडाशी धरलेलं चिकनही ती घेत नसेल तर आपण फार जवळ आलो, मागे फिरायचं. बरेच दिवस फाटकाच्या पुढे जाणं नव्हतं. लोकांना एवढाही धीर नसतो, त्यांना पहिल्याच रविवारी वेताळ टेकडी गाठायची असते.

दुसरी चूक 'मालक कोण ते दाखवून दे' ही. चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी घालायची, पट्ट्याला हिसके द्यायचे. कळपात एक जण बाकीच्यांना दाबून पुढारी होतो, या समजुतीचं मूळ प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये लांडग्यांबद्दल मांडलेल्या निरीक्षणात आहे, आणि ते लांडगे बंदिस्त जागेत ठेवलेले होते. जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं. तरी हिसके चालूच आहेत. समोर दुसरा कुत्रा दिसताच मानेला कळ आली, तर आपला कुत्रा त्या दुखण्याचा संबंध समोरच्या कुत्र्याशी जोडतो आणि पुढच्या वेळी आधीच भुंकतो. माझी रीत अशी: गल्लीच्या टोकाला मोकाट कुत्री दिसली की माझा कुत्रा ताठायच्या आत मी रस्ता ओलांडतो, आणि त्याच्या व त्यांच्या मधे स्वतः चालतो. असं रोज घडलं की अडचण दिसल्यावर तो आधी माझ्याकडे बघतो. पुढारीपण मी यालाच म्हणतो.

नुसत्या गळपट्ट्यावर बुजरा कुत्रा बाहेर काढू नका. नीट बसणारा हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा घाला आणि दुसरी कडी गळपट्ट्यालाही लावा.

आपोआप लांबणारा पट्टा नको, सहा फुटी साधा बरा.

हुंगत असेल तर ओढू नका. त्याचं अर्धं फिरणं तेच आहे.

रोज नवा रस्ता कशासाठी? एकच गल्ली त्याला पाठ होऊ द्या.

जांभई, ओठ चाटणं, पाय उचलून धरणं याला आळस किंवा नखरे समजू नका, तो ताण आहे.

"हात लावू का?" असं कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणा.

एप्रिल-मे महिन्यात डांबरावर आधी आपल्या हाताची पाठ टेकवून बघा.

मोठा धसका बसला तर दुसऱ्या दिवशी फिरणं आखडतं घ्या. शरीरातला ताण उतरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात दुसरा फटाका वाजला तर साध्या आवाजालाही कुत्रा उसळतो. घरात टॉवेलच्या घड्यांमध्ये खाऊ लपवा, शोधू दे त्याला.

आणि धीट कुत्रा अचानक बुजायला लागला तर सराव थांबवून पशुवैद्याकडे जा. कान किंवा सांधे दुखत असले तरी असं होतं. जाताना फिरतानाचा व्हिडिओ न्या, दवाखान्यात कुत्रा वेगळाच वागतो.