जुन्या गाडीत आफ्टरमार्केट ईसीयू: सेल्फ मारायच्या आधी काय काय बघायचं

माझ्या जुन्या एस्टीममध्ये स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या ईसीयूच्या जागी बसणारा, पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर) बसवला, मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्येच, चार रविवार गेले आणि त्यातले तीन नुसते वायरिंगमध्ये. म्हणून आधीच सांगतो, लॅपटॉपवरचे मॅप (किती पेट्रोल, कधी ठिणगी याचे तक्ते) नंतर, आधी सेन्सर सांगतायत ते खरं आहे का बघा, कारण ईसीयूला दुसरं काहीच दिसत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. ओरिजिनल हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कापू नका, जुन्या ईसीयूचा कपलर कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे शोधा आणि त्यावर अ‍ॅडॉप्टर बनवा, म्हणजे काही बिनसलं तर जुना ईसीयू पाच मिनिटांत परत लागतो. वायरचा रंग बघून जोडू नका, एवढ्या वर्षांत कोणी काय जोडलंय सांगता येत नाही, एकेक वायर मल्टीमीटरने चेक करून टेपवर नाव लिहा. इंजेक्टरचा (इंजिनमध्ये पेट्रोल फवारतो तो) रेझिस्टन्स 12 ते 16 ओहम आला तर ठीक, 2-3 आला तर डायरेक्ट लावू नका, ईसीयूमधलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळेल.

आता अर्थिंग, इथे मी फसलो. डॅशबोर्डखाली बॉडीला रंगावरच स्क्रू मारला होता, हेडलाईट लावली की कूलंटचा आकडा स्क्रीनवर उड्या मारायचा, आणि मी सेन्सर बदलत बसलो. शेवटी ईसीयूच्या सगळ्या पॉवर अर्थ इंजिन ब्लॉकवर एकाच बोल्टखाली घेतल्या, जागा घासून चकचकीत केली, सेन्सरची ग्राउंड मात्र वेगळी, फक्त ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनवर, आणि आकडा जागेवर थांबला. ईसीयू पायाशी ठेवू नका, आपल्याकडे पावसाळ्यात गाडीत पाणी शिरतं, ग्लोव्हबॉक्सच्या मागे वरच्या बाजूला लावा, कपलरचं तोंड खाली.

आता चावी ऑन, इंजिन बंद, लॅपटॉप जोडा. मॅप सेन्सर (हा मॅप वेगळा, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) साधारण 100 केपीए दाखवायला हवा, मुंबई समुद्रसपाटीला आहे (पुण्यात हाच 95 च्या आसपास येईल). सकाळी थंड गाडीत हवा आणि कूलंट दोन्हींचं टेंपरेचर जवळपास सारखंच हवं. थ्रॉटल 0 ते 100 कॅलिब्रेट करा.

मग इंजेक्टरचे कपलर काढून सेल्फ मारा, आरपीएम दोनशेच्या आसपास स्थिर दिसला पाहिजे, मधेच शून्य होत असेल तर क्रँक सेन्सरची (इंजिन किती फिरलं ते दातेरी चाकावरून मोजणारा) वायर किंवा सॉफ्टवेअरमधलं दात्यांचं सेटिंग चुकलंय. यातच ठिणगीचं टायमिंग बघून घ्या: सॉफ्टवेअरमध्ये 10 डिग्रीला लॉक करा, पुलीवरच्या खुणेत व्हाईटनर भरा, आणि टायमिंग लाईट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) मारा. लाईटमध्ये ती पांढरी रेघ बरोब्बर 10 वर उभी दिसली पाहिजे. ती 15 वर असताना मी सोडून दिलं असतं तर पुढे मॅपमधला प्रत्येक आकडा 5 डिग्रीने खोटा ठरला असता आणि इंजिन नॉक करून (पेट्रोल अवेळी भडकून) पिस्टन गेले असते. ही स्टेप कोणी कितीही घाई केली तरी सोडू नका.

इंजेक्टर लावा, स्टार्ट करा, वाईडबँडवर (सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) लक्ष ठेवा. पंपावर ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) असतं त्यामुळे शुद्ध पेट्रोलचा 14.7 चा आकडा पकडून बसू नका, लॅम्डामध्ये बघा (1 म्हणजे हवा-पेट्रोल अगदी जुळलेलं, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त), क्रूझला 1, फुल थ्रॉटलला 0.85 च्या जवळ. पेट्रोल आधी जास्तच ठेवा, मग हळूहळू कमी करा, लोडवर लीन (पेट्रोल कमी) झालं तर इंजिन गेलं. मी पहाटे साडेपाचला हायवेला जायचो, गाडी मित्र चालवायचा, मी लॅपटॉप घेऊन शेजारी, एकट्याने दोन्ही करू नका. फर्मवेअर टाकताना बॅटरीला चार्जर लावा आणि लॅपटॉपचं स्लीप बंद करा.

जुना इमोबिलायझर (चोराला इंजिन सुरू करू न देणारा) आता चालणार नाही, लपवलेला किल स्विच लावा. कॅटकॉन (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग) काढून टाकू नका, पीयूसी सर्टिफिकेट तर घ्यावंच लागतं. आणि मॅप तारीख टाकून सेव्ह करत जा. शेवटची टेस्ट सायनच्या ट्रॅफिकमध्ये, मे महिन्यात, एसी लावून: फॅन वेळेवर सुरू झाला आणि आयडल 850 च्या खाली गेलं नाही, तेव्हाच मी टूल बॉक्स बंद केला.